मॅनेजर माफीचा साक्षीदार झाला तेव्हा: सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं. संस्था, गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, रकमा गाळल्या आहेत. निर्णय कोणते झाले आणि कोणत्या क्रमानं झाले, ते मात्र तसंच ठेवलं आहे. ठेवीदारांच्या कृती समितीचे कागद लावण्याचं आणि त्यांच्या वतीनं सरकारी वकिलांना मदत करण्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे मी तटस्थ नाही. लोकांच्या ठेवी परत मिळाल्या पाहिजेत आणि त्या लाटणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे, ही माझी बाजू. पण घोटाळ्यात सामील असलेल्या मॅनेजरला माफी देऊन साक्षीदार करावं का, या प्रश्नावर ठेवीदारांमध्येच दोन तट पडले, आणि दोन्हीकडच्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. राजकारण त्यात नंतर शिरलं आणि मग मूळ प्रश्न बाजूलाच पडला. असे प्रसंग आपल्याकडे पुन्हा येणार, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यात पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक द्राक्ष-बेदाण्याची आणि दुसरी गलाईची. इथल्या घराघरांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत पांगली आहेत. दुकान तिकडे, घर, शेती आणि म्हातारे आईवडील इकडे. शिल्लक पडेल तो पैसा गावाकडे येतो आणि ओळखीच्या पतसंस्थेत जातो. बँकेपेक्षा व्याज थोडं जास्त, पावती घरपोच, आणि मॅनेजर घरच्या लग्नाकार्याला हजर. बाहेरगावी राहणाऱ्या माणसाला याहून अधिक भरवसा तरी कसला द्यायचा?

त्यात एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नव्हती. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पतसंस्था बुडाली की ठेवीदारानं संस्थेच्या मालमत्तेकडे आणि कोर्टाच्या तारखांकडे बघत बसायचं.

या संस्थेचा चेअरमन तालुक्याच्या राजकारणातला वजनदार माणूस. बाजार समिती, कारखाना, जिल्हा परिषद, सगळीकडे त्याच्या गटाचं पॅनेल उभं राहायचं. संचालक मंडळात त्याच्याच गटाची माणसं. मॅनेजर मात्र बाहेरचा नव्हे, गावातलाच. लिपिक म्हणून लागला आणि चढत चढत मॅनेजर झाला. काउंटरवर रोखपाल म्हणून काम करणारी एक तरुण बाई होती, तिचा उल्लेख पुढे येईल.

घोटाळा बेदाणा तारण कर्जातून झाला. शेतकरी किंवा व्यापारी बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो, स्टोरेजवाला किती बॉक्स आले त्याची पावती देतो, ती पावती तारण ठेवून पतसंस्था कर्ज देते. माल विकला की कर्ज फिटतं. व्यवस्था चांगली आहे, हजारो शेतकरी तिच्यावर उभे आहेत. इथं मात्र पावत्या होत्या आणि माल नव्हता. चेअरमनच्या नात्यातल्या माणसाची एका स्टोरेजमध्ये भागी होती. तिथलं कोरं पावतीपुस्तक आणलं गेलं, गरीब ओळखीच्या लोकांच्या नावावर कर्जं टाकली गेली आणि रक्कम रोखीनं निघाली.

अडचण

लेखापरीक्षणात तारणाचा माल जागेवर नसल्याचं निघालं. लेखापरीक्षकांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड संहितेची विश्वासघात, फसवणूक, बनावट कागद आणि कट यांची कलमं ४०९, ४२०, ४६७, ४६८, ४७१ आणि १२०-ब, शिवाय ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. प्रकरण १ जुलै २०२४ च्या आधीचं, म्हणून जुन्या संहितेनं चाललं.

फिर्यादीत सरसकट सगळ्यांची नावं होती: चेअरमन, संचालक, मॅनेजर, रोखपाल. मॅनेजरला अटक झाली. चेअरमननं अटकपूर्व जामिनासाठी धाव घेतली. संचालकांचं म्हणणं एकच: ‘आम्ही सभेत सह्या केल्या. कागद मॅनेजरनं तयार केले. आम्हाला काय माहीत माल आहे की नाही?’

आणि कागद बघितले तर ते खरंही वाटत होतं. कर्जप्रकरणावर शिफारस मॅनेजरची. तारणाची पाहणी केल्याचा दाखला मॅनेजरचा. रोख देण्याचा आदेश मॅनेजरचा. चेअरमनची सही फक्त सभेच्या इतिवृत्ताखाली. रोख रक्कम काउंटरवरून निघाल्यावर कुठं गेली, याचं उत्तर एकाही कागदावर नव्हतं. असाच खटला उभा राहिला असता तर मॅनेजर आणि रोखपाल अडकले असते आणि ज्यांच्या घरी पैसा गेला ते सुटले असते.

अटकेनंतर काही आठवड्यांनी मॅनेजरनं वकिलामार्फत निरोप धाडला. सगळं सांगतो, रोख पोचवल्याची माझी वही दाखवतो, पण मला माफीचा साक्षीदार करा.

कायद्यात माफी कशी मिळते

वादाचं मूळ याच्या अज्ञानात होतं, म्हणून इथं थोडं थांबतो.

गुन्ह्यात सामील असलेल्याला माफी देऊन साक्षीदार करण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ ते ३०८ मध्ये होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमं ३४३ ते ३४५ म्हणून आली आहेत. माफी पोलीस देत नाहीत, सरकार देत नाही, आमदार-खासदार तर नाहीच नाही. तपास चालू असताना तो अधिकार मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा. खटला सत्र न्यायालयाकडे गेल्यावर त्या न्यायालयाचा. माफी देताना न्यायदंडाधिकाऱ्यांना कारणं लिहून ठेवावी लागतात. आपल्यासारख्या प्रकरणात गुन्हा सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा असावा लागतो. एमपीआयडीच्या कलम ३ ची शिक्षा सहा वर्षांपर्यंतच आहे, म्हणजे आपल्या प्रकरणात माफीचा पाया कलम ४०९, ४२०, ४६७ यांच्यावरच होता.

अट एकच, पण कडक: स्वतःला माहीत असलेलं सगळं, पूर्ण आणि खरं सांगायचं. काही दडवलं किंवा खोटं सांगितलं असं सरकारी वकिलांनी प्रमाणित केलं, तर माफी गेली आणि मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा अंगावर.

आणखी एक कलम सामान्य माणसाला चक्रावून टाकतं. माफी स्वीकारणारा आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत तो कोठडीत राहतो. आरोपी जामिनावर बाहेर आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा आत, असं घडू शकतं. मॅनेजरच्या वकिलाला हे पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा मुद्दा दुजोऱ्याचा. साथीदाराची साक्ष पुरावा म्हणून चालते, पण महत्त्वाच्या तपशिलात स्वतंत्र दुजोरा असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, हे न्यायालयं पूर्वीपासून पाळत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ च्या सरवण सिंग निकालात दुहेरी कसोटी घालून दिली: साक्षीदार मुळात विश्वासार्ह हवा, आणि मग त्याच्या सांगण्याला बाहेरून आधार हवा. मराठी माणसाला याचं ठळक उदाहरण माहीत आहे. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. त्याची साक्ष एकूण खरी वाटते असं विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी मानलं. तरीही सावरकरांबाबत त्याच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा नव्हता, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढणं सुरक्षित नाही असं म्हणत १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्यांना निर्दोष सोडलं. बाकीच्या आरोपींना शिक्षा झाली. साक्षीदार तोच, खटला तोच. दुजोरा जिथं होता तिथं साक्ष टिकली, नव्हता तिथं नाही.

व्यासपीठावरून दिलेलं आश्वासन

मॅनेजरचा निरोप गुप्त राहिला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. पण तो विरोधी गटाच्या कानावर गेला. निवडणुका तोंडावर होत्या. त्या गटाच्या नेत्यानं ठेवीदारांचा मेळावा बोलावला आणि भाषणात सांगून टाकलं, ‘मॅनेजरनं न घाबरता नावं घ्यावीत. त्याला माफीचा साक्षीदार करून घ्यायची जबाबदारी माझी. आणि तुमची पै न् पै परत आणायचीही.’ टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत ती क्लिप तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर होती.

त्या दोन वाक्यांत दोन खोटी आश्वासनं होती. माफी त्या नेत्याच्या हातात नव्हती. आणि माफीमुळे ठेवी परत मिळतात, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ठेवींची वाट वेगळी: एमपीआयडीच्या कलम ४ खाली संस्थेची, संचालकांची, मॅनेजरची मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, मग लिलाव आणि वाटप.

दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या गटानं प्रत्युत्तर दिलं: कबुली विकत घेतली, मॅनेजरला पढवलं, राजकीय सूड. योगायोग असा, की त्याच सुमारास अटकेला नव्वद दिवस झाले आणि दोषारोपपत्र वेळेत दाखल झालं नाही. मॅनेजरला अशा वेळी कायद्यानं हक्काचा ठरणारा जामीन मिळाला. आता तो बाहेर राहून साक्षीदार होऊ शकत होता. उशीर मुद्दाम केला की कामाच्या ओझ्यानं झाला, याचा पुरावा माझ्यासमोर कधी आला नाही, म्हणून मी आरोप करणार नाही. पण भाषण आणि जामीन लोकांनी जोडून बघितले, यात नवल नाही.

शिवाय हवा तशीच होती. २०२२ मध्ये माजी गृहमंत्री अनिल देशमुखांवरच्या सीबीआयच्या प्रकरणात बडतर्फ पोलीस अधिकारी सचिन वाझे यांना माफीचा साक्षीदार होण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं देशमुखांना जामीन देताना वाझेंच्या जबाबाच्या भरवशावर प्रश्न उभे केले. चहाच्या गाड्यावर याची चर्चा व्हायची. माफीचा साक्षीदार म्हणजे सत्तेला हवं ते बोलणारा माणूस, अशी समजूत घट्ट होत चालली होती.

ठेवीदारांचे दोन तट

समितीची बैठक मंदिराच्या सभामंडपात झाली. एक आजी उठल्या. दोन्ही मुलं तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. पिशवीतून ठेव पावती काढून त्या म्हणाल्या, ‘ही पावती त्यानं माझ्या ओट्यावर बसून, चहा पिऊन दिली. चेअरमनचं तोंडबी मी बघितलं न्हाई कधी. ज्यानं माझ्या हातातनं पैसं नेलं त्यालाच माफी? मग आमी काय केलं वो पाप?’

कुणी काही बोललं नाही. मग निवृत्त गुरुजी उठले. त्यांची ग्रॅच्युइटीची रक्कम याच संस्थेत होती. ते म्हणाले, ‘आक्का, तुमचं खरं आहे. पण त्याला आत टाकून चेअरमन सुटला तर ते तुम्हाला चालंल का?’

दोन्ही प्रश्न योग्य होते. माझ्या मते आजींचा प्रश्न अधिक खोल होता, कारण विश्वासघात त्यांच्या समोर बसून झाला होता. खटल्याच्या सोयीसाठी तो विसरा, असं त्यांना सांगायचा अधिकार कोणालाच नाही, वकिलाला तर मुळीच नाही.

समोरचे पर्याय

सगळ्यांवर खटला, माफी कोणालाच नाही. न्यायाची भावना यात सर्वाधिक जपली जाते. पण वर सांगितल्याप्रमाणे वरचे सुटण्याची भीती मोठी.

दुसरा पर्याय तडजोडीचा, आणि तो चेअरमनच्या माणसांकडून चोरपावलांनी आला. मोठ्या ठेवीदारांचे पैसे आधी देतो, तक्रारी थंड करा. कलम ४०९ आपसात मिटवता येत नाही, हे तर होतंच. त्याहून वाईट म्हणजे यात मोठा ठेवीदार सुटणार आणि आजींसारखी लहान ठेवीदार मागे राहणार. समितीनं हा पर्याय एकमतानं फेटाळला. समितीचं सगळ्यात चांगलं काम मला तेच वाटतं.

तिसरा पर्याय गुरुजींनी सुचवला: माफी द्यायचीच तर सगळ्यात कमी दोषी माणसाला द्या. म्हणजे रोखपालाला. तिनं नोंदी केल्या, पण स्वतः एक रुपया घेतल्याचा संशयही नव्हता. तिला माफीचीही गरज नव्हती. पुरावा नाही म्हणून आरोपींतून वगळून साधी साक्षीदार करता आलं असतं. तपास पथकाचं म्हणणं पडलं की तिला नोंदी माहीत आहेत, रोख कुठं गेली ते नाही.

चौथा, मॅनेजरला माफी. त्याच्याकडे वही होती आणि रोख पोचवणारा तोच होता.

समितीला यात नकाराचा अधिकार नव्हता. माफी हा न्यायालय आणि आरोपी यांच्यातला विषय. पण सरकारी वकिलांना मदत करण्याची मुभा तक्रारदाराच्या वकिलाला असते. तिचा उपयोग कसा करायचा, हे आम्हाला ठरवायचं होतं.

काय केलं

समितीनं ठरवलं की माफीला विरोधही करायचा नाही आणि पाठिंबाही द्यायचा नाही. तीन गोष्टी मात्र लेखी मागायच्या. एक, जबाब घेण्याआधी त्याला दुजोरा देऊ शकतील असे कागद ताब्यात घ्या, कारण नंतर ते राहणार नाहीत. दोन, मॅनेजरनं स्वतःच्या आणि घरच्यांच्या मालमत्तेचा तपशीलही जबाबात द्यावा. ‘पूर्ण आणि खरं’ यात तेही येतं. तीन, फौजदारी माफी मिळाली तरी सहकार कायद्याच्या कलम ८८ खालच्या नुकसान-निश्चितीतून आणि एमपीआयडीच्या जप्तीतून त्याला वगळू नये.

तिसऱ्या मागणीनं बैठकीतला ताण बराच उतरला. आजींना मी सांगितलं की माफी तुरुंगाची आहे, घराची नाही. त्याचं घर जप्तीत राहणार. त्या म्हणाल्या, ‘मग बोलू दे त्याला.’

पहिल्या मागणीनं काय झालं ते जवळून सांगण्यासारखं आहे. तारण प्रकरणांच्या फायलींतल्या स्टोरेजच्या पावत्या एका टेबलावर मांडल्या. नंबर सलग होते, तारखा मात्र सात-आठ महिन्यांत पसरलेल्या. चालू स्टोरेजमध्ये असं होत नाही. मधल्या काळात दुसऱ्यांचा माल येतो, पावत्या फाटतात, नंबर पुढे जातात. काही पावत्यांवर ऐन श्रावणात नव्या मालाची आवक दाखवलेली. बेदाणा तयार होतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला, शेडवर. पावसात कोण बेदाणा करतो? पण व्यापारी माल एका स्टोरेजमधून दुसरीकडे हलवतात, त्यामुळे तेवढ्यानं भागणार नव्हतं.

तेव्हा गुरुजींना हमालांची आठवण झाली. बॉक्स उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम रोजची वही ठेवतो, कारण हमाली बॉक्सवर ठरते आणि पैसे टोळीत वाटायचे असतात. त्या वहीत पावत्यांवरच्या तारखांना पावत्यांवरच्या नावांचा एकही बॉक्स नव्हता. मुकादमाला ना चेअरमनशी देणंघेणं, ना मॅनेजरशी. त्यानं वही लिहिली ती आपल्या माणसांच्या मजुरीसाठी. सबंध खटल्यात याच्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

मग मॅनेजरचा कबुलीजबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला. कबुली द्यायला तुम्ही बांधील नाही, ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे त्याला समजावून विचार करायला वेळ दिला गेला. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी माफीच्या अर्जावर तपास अधिकाऱ्यांना विचारलं: हा माणूस नसेल तर तुमच्याकडे कोणता पुरावा कमी पडतो? उत्तर लेखी घेतलं आणि आदेशात कारण म्हणून नोंदवलं. त्या प्रश्नाबद्दल मला फार आदर आहे. मेळाव्यात तो कोणी विचारला नव्हता.

जबाबातल्या तीन गोष्टी

मॅनेजरनं मुख्यतः तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली बोगस पावत्यांची. पावतीपुस्तक कोणी दिलं, कुठं भरलं, कोणी सह्या केल्या. याला मुकादमाची वही, पावत्यांचे नंबर आणि संगणकातल्या नोंदी असा भक्कम आधार मिळाला.

दुसरी, चेअरमनला रोख पोचवल्याची. त्याच्या स्वतःच्या छोट्या वहीत तारखा आणि आकडे होते. त्यांतल्या दोन तारखांच्या लगतच चेअरमनच्या घरच्यांच्या नावे जमिनीची खरेदीखतं नोंदली गेली होती. दुय्यम निबंधकांच्या नोंदीतून ते बाहेर आलं. बाकीच्या तारखांना तसा आधार नव्हता.

तिसरी, निवडणुकीसाठी पैसे वाटल्याची आणि दोन संचालकांना वाटा दिल्याची. यावर ना कागद, ना तिसरा माणूस. हे दोन संचालक अलीकडेच विरोधी गटाशी फारकत घेऊन चेअरमनकडे गेले होते. आणि मेळाव्याच्या आधी पोलिसांनी घेतलेल्या मॅनेजरच्या जबाबात त्यांची नावं नव्हती.

सगळं राजकारण या तिसऱ्या गोष्टीभोवती फिरलं. भाषणं तिच्यावर झाली, बातम्या तिच्या आल्या, पत्रकं तिची छापली गेली. सलग नंबरांच्या पावत्यांवर आणि हमालांच्या वहीवर कोणी भाषण केलं नाही. राजकारणाला जी कबुली हवी होती ती खटल्याच्या उपयोगाची नव्हती. उलट तिनं उपयोगाच्या कबुलीलाही डाग लावला.

निष्पत्ती

त्या दोन संचालकांना उच्च न्यायालयातून अटकपूर्व जामीन मिळाला. त्यांच्याविरुद्ध मॅनेजरच्या शब्दाशिवाय काही नाही आणि तो शब्दही उशिरा आला, हा युक्तिवाद मान्य झाला. चेअरमनला मात्र अटकपूर्व जामीन मिळाला नाही, कारण पावत्या आणि खरेदीखतं समोर होती. त्याला अटक झाली, पुढे काही महिन्यांनी नियमित जामीन मिळाला.

खटल्यात मॅनेजरची उलटतपासणी लांबली. बचाव पक्षाच्या वकिलांनी मेळाव्याची ती क्लिपच पुढे केली. ‘तुम्हाला माफी मिळवून द्यायची जबाबदारी एका नेत्यानं घेतली होती, हे खरं आहे का?’ ‘दोन संचालकांची नावं त्या भाषणानंतर सुचली का?’ मॅनेजर गडबडला. भाषणाशी आपला संबंध नाही असं तो म्हणाला, पण नावं आधी का घेतली नाहीत याचं नीट उत्तर त्याला देता आलं नाही. त्यानंतर मुकादमाची साक्ष झाली. ती थोडक्यात आटोपली आणि बचाव पक्षाला तिला धक्का लावता आला नाही.

सांगलीच्या न्यायालयात खटला अजून चालू आहे. पावत्यांपुरता आणि दोन खरेदीखतांपुरता तो मजबूत आहे असं माझं मत आहे. रोखीचा बाकीचा भाग डळमळीत आहे.

ठेवींचं काम वेगळ्या वाटेनं आणि हळू चाललं आहे. चेअरमनची जमीन, संस्थेची इमारत आणि मॅनेजरचं घर जप्तीत आहे. वसूल झालेल्या रकमेतून लहान ठेवीदारांना पहिला हप्ता मिळाला. पै न् पै परत आणण्याचं आश्वासन देणारे नेते निवडणुकीनंतर समितीच्या बैठकीला आलेले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

मेळावा झालाच नसता तर, असं म्हणण्यात अर्थ नाही. निवडणुकीच्या तोंडावर नेते बोलणारच. पण भाषण झाल्या झाल्या समितीनं जाहीर पत्रक काढून सांगायला हवं होतं की माफी न्यायालय देतं, कोणत्याही नेत्याचा तिच्याशी संबंध नाही, आणि आम्ही कोणालाही तशी विनंती केलेली नाही. तसं पत्रक असतं तर उलटतपासणीत त्या क्लिपची धार कमी झाली असती. समितीत दोन्ही गटांची माणसं होती, म्हणून पत्रक अडलं. ठेवीदारांच्या समितीत गटांच्या कार्यकर्त्यांना पदं देऊ नयेत. हे मी आता प्रत्येक समितीला सांगतो.

कागद आधी, जबाब नंतर, हा क्रम आमच्या मागणीमुळे बराचसा पाळला गेला. पण खरेदीखतांचा शोध जबाबानंतर सुरू झाला. आधी झाला असता तर मॅनेजरच्या वहीतल्या तारखा खरेदीखतं बघून भरल्या, हा बचावाचा आरोप उभाच राहिला नसता.

पहिला जबाब उथळ घेतला गेला, हेही लागलं. अटकेनंतरच्या पहिल्या दिवसांत मॅनेजरला दोन संचालकांबद्दल थेट विचारलं असतं, तर त्याचं उत्तर काहीही असो, ते भाषणाच्या आधीचं राहिलं असतं. खरी असतील तर नावं टिकली असती. खोटी असतील तर ती नंतर घुसवता आली नसती.

आणि रोखपाल. गुरुजींचा पर्याय इतक्या लवकर बाजूला सारायला नको होता. तिला पैशांची वाट माहीत नव्हती हे खरं. पण कोणत्या नोंदी मॅनेजरच्या लॉगिननं झाल्या, कोणत्या दिवशी काउंटर बंद झाल्यावर रोख बाहेर गेली, हे तिला माहीत होतं. तिची साक्ष, मुकादमाची वही आणि खरेदीखतं एवढ्यावर मॅनेजरला माफी न देताही चेअरमनपर्यंत पोचता आलं असतं का? मला वाटतं पोचता आलं असतं, निदान पावत्यांच्या बाबतीत. मग आजींच्या प्रश्नालाही वेगळं उत्तर मिळालं असतं. जास्त दोषी माणूस जास्त सांगू शकतो, म्हणून तपास त्याच्याकडे वळतो. कमी दोषी माणसाला देवाणघेवाण करायला हातात काहीच नसतं, म्हणून तो आरोपी राहतो. मॅनेजर आज साक्षीदार आहे आणि ती आरोपी आहे. नोकरी गेली, दुसरीकडे कोणी ठेवत नाही.

तिचा दोषमुक्तीचा अर्ज न्यायालयापुढे आहे. त्याला जोडलेल्या लॉगिन नोंदींच्या प्रमाणित प्रतींचा खर्च समितीनं वर्गणीतून केला. वर्गणीच्या यादीत पहिलं नाव आजींचं आहे.